सगळ्यांना नाही म्हणणारं पान

जबाब
धुळे, दि. १० डिसेंबर १९९९

नाव : कु. पुष्पा वना बोरसे, वय २८ वर्षे, धंदा : टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षिका, राहणार अमळनेर, जि. जळगाव.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी आई-वडिलांसोबत राहते व मराठी-इंग्रजी टायपिंग शिकवते. आज दुपारी इथल्या देवपूर भागातील नेट कॅफेत कॉम्प्युटरचा मॉनिटर फुटला तेव्हा मी तिथे हजर होते. कॅफेचे मालक धनसिंग गिरासे यांनी तक्रार दिली आहे. मॉनिटर कोणी फोडला एवढंच सांगा, असं हवालदार साहेब म्हणतात. मॉनिटर मोतीलाल नाना देवरे, राहणार देवपूर, यांनी फोडला. परंतु का फोडला ते लिहून घेतल्याशिवाय मी सही करणार नाही, म्हणून पुढचं लिहिण्यात यावं.

मोतीलाल नानांचा मुलगा अभिमन, वय ३१, सूतगिरणीत सुपरवायझर, याच्याशी माझं लग्न ठरलं होतं. गुरुजींनी दोन्ही पत्रिका पाहून गुण जुळतात असं सांगितलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साखरपुडा झाला. त्यानंतर अभिमन दर शनिवारी इन्स्टिट्यूटच्या फोनवर माझ्याशी बोलत असे. काय बोलत असे, त्याचा मॉनिटरशी संबंध नाही.

गणपतीत नानांचा निरोप आला की लग्न मोडलं. माझे वडील कारण विचारायला देवपूरला गेले. नानांनी त्यांना सांगितलं की अभिमनने पत्रिका कॉम्प्युटरवर टाकली, कॉम्प्युटर नाही म्हणतो. गुरुजी बोटांवर मोजतात, ते चुकू शकतात, मशीन कसं चुकेल? हे ऐकून माझे वडील चहा पिऊन मुकाट्याने परत आले. ते कुठूनही मुकाट्याने परत येतात.

पुढे अमळनेरात बोभाटा झाला. मुलीत काहीतरी खोट असल्याशिवाय कॉम्प्युटर कशाला नाही म्हणेल, असं बायका नळावर बोलू लागल्या. पारोळ्याच्या एका स्थळाने बघायला येतो म्हणून कळवलं आणि मग कोणी आलंच नाही. चोपड्याच्या लोकांनी माझ्या मामाला तोंडावर विचारलं की कॉम्प्युटरने नापास केलेली ती हीच का. मी दहावीपासून कशातही नापास झालेली नाही. इन्स्टिट्यूटमधल्या मुली मी वळले की हसतात, हेही मला माहीत आहे.

म्हणून मी वडिलांना म्हटलं की मला ते पान बघायचं आहे. कोर्टातसुद्धा आरोपीला कागद दाखवतात. वडील नको म्हणत होते, पण मी एकटी एस.टी. धरून गेले असते, हे त्यांना ठाऊक आहे. मोतीलाल नाना मात्र आनंदाने तयार झाले. चला, डोळ्यांनी बघा, असं म्हणून पत्नी लिलाबाई व अभिमन यांच्यासह ते आम्हाला कॅफेत घेऊन गेले. धूळ चालत नाही म्हणून तिथे चपला बाहेर काढतात. नाना तर देवळात शिरल्यासारखे हात जोडूनच आत आले.

वेबसाईट म्हणजे काय, असं हवालदार साहेबांनी विचारलं. टेलिफोनच्या तारेवरून कॉम्प्युटरवर उघडणारं पान. हे पान धनसिंग गिरासे यांनी स्वतः बनवलं आहे. वर गणपतीचं चित्र, खाली मुलाचं व मुलीचं नाव इंग्रजीत टाकायला दोन चौकोन, त्याखाली एक बटण. बटण दाबलं की 'जुळत नाही' अशी अक्षरं येतात. पत्रिका कुठे टाकायची, असं मी धनसिंग यांना विचारलं. पत्रिका लागत नाही, असं ते म्हणाले. जन्मवेळ, नक्षत्र, काहीच लागत नाही. ज्या मशीनपुढे नानांनी हात जोडले, त्या मशीनने माझी पत्रिका कधी बघितलेलीच नव्हती.

परदेशात अशी पानं पुष्कळ आहेत, प्रत्येक पान एकच काम करतं, लोक बघतात आणि हसतात, असं धनसिंग यांनी मला समजावलं. एका पानावर म्हणे नुसतं बटण आहे, दाबलं की काहीच होत नाही. काहीच न करण्यासाठी परदेशी पान कशाला पाहिजे, आमच्याकडे त्यासाठी माणसं आहेत. धनसिंग यांनी आणखी एक पान दाखवलं. ते 'आज रविवार आहे का' याचं उत्तर 'नाही' असं देतं. रविवारी हो म्हणतं का, असं मी विचारलं. रविवारी कॅफे बंद असतो, असं ते म्हणाले. बी.एस्सी. झालेला माणूस आहे.

मी खुर्चीवर बसून माझं व अभिमनचं नाव टाकलं. जुळत नाही. नाना माझ्या वडिलांकडे बघून म्हणाले, "देखं ना, व्याही?" मग मी कोणालाही न विचारता मोतीलाल आणि लिलाबाई ही नावं टाकली. जुळत नाही. नानांनी चष्मा पुसून पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा तेच. मी राम आणि सीता टाकलं. त्यांचंही जुळत नाही.

नाना म्हणाले, "मन्हा लगनले पस्तीस वरीस व्हयनात. याले काय समजस?" तेव्हा लिलाबाई, ज्या घरून निघाल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या, हळूच म्हणाल्या, "कॉम्प्युटर खरं सांगस." त्यावर नानांनी दोन्ही हातांनी मॉनिटर ढकलला. तो टेबलाच्या मागे फरशीवर पडला आणि फुटला. कोणाला इजा झाली नाही. मॉनिटरचा तेवढा मजकूर इथे संपला.

धनसिंग चिडून अभिमनला म्हणाले, "आता तू भर याचे पैसे. बाबांना हेच पान दाखवायचं म्हणून तूच माझ्या मागे लागला होतास. मी तेव्हाच सांगितलं होतं, हे गमतीचं आहे." अभिमन खाली वाकून वायर बघत राहिला. वायरीत बघण्यासारखं काही नव्हतं. नानांनी दोनदा विचारल्यावर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही माझं ऐकलंच नसतं. मग काय करणार होतो?"

म्हणजे याला माहीत होतं. पान कोणालाही नाहीच म्हणतं, हे माहीत असून बापाला हाताला धरून नेलं, बटण दाबलं आणि घरी जाऊन पोटभर जेवला असेल. मी नको होते तर शनिवारच्या फोनवर एका वाक्यात सांगता आलं असतं. मी वडिलांना सांगितलं असतं की मलाच पसंत नाही, आणि सगळा दोष माझ्यावर घेतला असता. एकतीस वर्षांचा माणूस, हाताखाली चाळीस कामगार, आणि नाही म्हणायला मशीन लागतं. मला राग आला नाही. किळस आली. हा शब्द असाच ठेवावा.

मी का नको होते, हे त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

पोलीस ठाण्यात आल्यावर नाना माझ्या वडिलांजवळ बसले व म्हणाले, "जाऊ द्या व्याही, बठ्ठं इसरी जाऊत. पोर चांगली शे." मॉनिटर ते भरून देतील, तक्रार मागे घेतली जाईल आणि लग्न पौषानंतर होईल, असं बाहेर बाकावर ठरलं आहे. अभिमन मान हलवतो आहे. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आत जबाब देत होते, हे सगळं खिडकीतून दिसत-ऐकू येत होतं. मला आतून बोलवावं असं कोणाला वाटलं नाही.

आता तर सगळं गोड झालं, मग लग्नाचं कशाला लिहायचं, तो घरातला मामला आहे, असं हवालदार साहेब म्हणतात. साहेब, घरात मला कोणी विचारलं नाही. गुरुजींनी नाही, नानांनी नाही, माझ्या बापाने नाही. काय झालं ते सांगा, असं मला आजपर्यंत फक्त तुम्ही विचारलंत, तेही एका मॉनिटरसाठी. म्हणून लिहा. मला अभिमन मोतीलाल देवरे याच्याशी लग्न करायचं नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी हे शुद्धीवर असताना सांगते आहे.

वरील जबाब मी सांगितला तसाच लिहिला गेला आहे. माझ्या मागणीवरून तो खोलीचं दार उघडं ठेवून मोठ्याने वाचण्यात आला. बाहेर बाकावर बसलेल्या नाना, लिलाबाई, अभिमन व माझे वडील या चौघांनीही तो शेवटपर्यंत ऐकला. तो बरोबर आहे.

सही
पुष्पा वना बोरसे