मागे राहिलेला खोंड

(अमेरिकेतल्या मोंटानात एका आदिवासी जमातीचा माळ. हिवाळ्यातली दुपार. रोगतपासणीसाठी वेगळं ठेवलेल्या बायसनांचे, म्हणजे तिकडच्या रानगव्यांचे, ट्रक नुकतेच निघून गेलेत. फाटकापाशी राखणदार डेलमर आणि त्याची थोरली बहीण व्हर्ना.)

व्हर्ना : फाटक सोड आता. गेले ते. हात चिकटतील लोखंडाला.

डेलमर : सगळे नाही गेले, ताई. तो खोंड बघ.

व्हर्ना : बघितला. ट्रक गेले तिकडंच तोंड करून उभाय. नक्की रोग आहे का रे त्याला?

डेलमर : तेच तर कुणी सांगत नाही. आहेही म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. बाकीच्यांचं रक्त साफ निघालं, ते आपल्या जमातीच्या मोकळ्या माळावर सोडायला नेले. याचं वसंतात परत काढायचं. तोवर दुसऱ्या जनावराला शिवायचं नाही.

व्हर्ना : अख्खा हिवाळा? एकटा?

डेलमर : हो.

व्हर्ना : कळपातलं जनावर ते. वेडं होईल.

डेलमर : मागं एक झालाच होता. कुंपणाच्या कडेनं चालून चालून चर पाडला त्यानं. मग खाणंच सोडलं.

व्हर्ना : म्हणून सांगते, हाल नको करू. जमातीच्या मंडळात माझं बोलणं झालंय. प्रार्थना करू, एका गोळीत संपवू, मांस म्हाताऱ्यांच्या घरी पोचवू. नीट शिजवलं की काही होत नाही.

डेलमर : यलोस्टोनच्या अभयारण्यातून आला तेव्हा वासरू होता गं.

व्हर्ना : मग दुसरं काय करणारेस?

डेलमर : आपल्या कळपातली ती मोडक्या शिंगाची म्हातारी. भाकडच आहे आता. तिला इथं आणतो. सोबत होईल त्याला.

व्हर्ना : आणि त्याचं रक्त खराब निघालं तर?

डेलमर : तर... दोघंही.

व्हर्ना : वा रे वा! हिमात पाणी कुठं उघडं असतं ते त्या म्हातारीला ठाऊक. सगळा कळप तिच्या मागनं चालतो. पोरी आहेत तिच्या, नाती आहेत. तिला आणून कोंडणार तू?

डेलमर : शांत आहे ती. राहील.

व्हर्ना : रोझालीला इथं आणलंस तेव्हा हेच म्हणाला होतास. शांत आहे, राहील. गेलीच ना सोडून?

डेलमर : माझ्या बायकोचा काय संबंध?

व्हर्ना : माझ्याकडं येऊन बसायची ती. अंगातला कोटसुद्धा काढायची नाही. म्हणायची, दिवसभर जनावरांशी बोलतो, घरात येतो तेव्हा बोलणं संपलेलं असतं.

डेलमर : मला नाही कधी बोलली.

व्हर्ना : विचारलंस कधी?

डेलमर : ...बरी आहे का तिकडं बिलिंग्ज शहरात?

व्हर्ना : बेकरीत लागलीय. जरा जाड झालीय. बरी आहे.

डेलमर : बरं झालं.

व्हर्ना : डेल, मी टोचायला नव्हते बोलले.

डेलमर : होतीस. असू दे. म्हातारीला नको आणायला.

व्हर्ना : मग बंदूक?

डेलमर : नको. कळपच शेजारच्या कुरणात आणला तर? मधे मोकळी पट्टी सोडायची, दुसरं कुंपण घालायचं. शिवणार नाहीत एकमेकांना. पण दिसतील. वास येईल.

व्हर्ना : मग हे आधी का नाही सुचलं?

डेलमर : सुचलं होतं. जमीन दगड झालीय. खांब रोवायला पाच-सहा माणसं तरी लागतील.

व्हर्ना : मग माग की माणसं!

डेलमर : तू सांग ना मंडळात.

व्हर्ना : मी नाही सांगणार. शनिवारी सगळे जेवायला जमतात, तिथं ये आणि तूच बोल.

डेलमर : लोकांपुढं जमत नाही मला.

व्हर्ना : अडखळलास तर अडखळ. येतील रे माणसं. निदान माझी दोन पोरं तरी येतील, त्यांना मी कानाला धरून आणीन.

डेलमर : नाहीच आलं कुणी तर?

व्हर्ना : तर बंदुकीचं बघू. पण आधी लोकांना विचार, मग. चल, निघते मी. रस्त्यावर बर्फ धरायला लागलंय.

डेलमर : ताई...

व्हर्ना : काय रे?

डेलमर : कॉफी ठेवतो. थांबतेस जरा?