दादला झाड

मी इब्रामपूरची. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे, खाण बंद पडली तशी परत बागायतीत शिरले. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली, बीएस्सी, वनस्पतिशास्त्र, हे मी सांगतेच, लाजायचं कशाला. आता हरमलला पर्यटकांच्या खोल्या आहेत तिथली बाग बघते, रोज स्कूटरने ये-जा.

तर काय सांगू तुम्हाला, तिथे उतरलेल्या मेक्सिकोच्या एका बाईने मला बिया दिल्या. म्हणाली, आमच्या डोंगरात ढग झाडांत येऊन बसतात, तिथलं हे झाड, पपायीच्या नात्यातलं, आता फार थोडी उरलीत. आमच्याकडे कुठला ढग, इथे घामाच्या धारा! तरी एक रोप जगलं. न्हाणीमागे सावलीत लावलं, पाण्याचे फवारे मारत राहिले. अंगभर बारीक कुसं, हात लागला की आग. आई म्हणायची, बाय, परसात खाजकुयली काय पाळलंस गो?

यंदा ते फुललं, मी नुसती नाचले, आणि बाबा कोयता घेऊन आले. मी फूल चिरून बघितलेलं, आत फळाची गाठच नाही, म्हणजे नर. आमच्याकडे दादला पपाय ठेवत नाहीत, फुलं दिसली की तोडतात. मी आडवी उभी राहिले. बाबा, ही आपली पपाय नव्हे, अशी झाडं जगात मोजकीच उरलीत. बाबा म्हणाले, फळ धरतलो? नाही. बी? नाही, मादीझाड लागतं, ते इथे नाही. मगे तू शिकलंस ना, सांग, हेका कशाक ठेवूचो?

मी कोयत्याची मूठ तेवढी धरून ठेवली.

शेवटी बाबाच म्हणाले, खिळो मारून बघूया. नर पपायीच्या बुंध्यात लोखंडी खिळा ठोकला की ती फळ धरते, असं आमच्याकडे मानतात. खिळ्याने काही होत नाही, मला ठाऊक आहे. पण नर पपाय कधी कधी आपणहून फळ धरते, हेही कॉलेजातच शिकले. मग हे मेक्सिकोचं धरेल का, कोणाला विचारू? खिळ्याने कुजलं तर? आणि नको म्हटलं तर कोयता आहेच. मी ठोका म्हटलं. कुसं लागू नयेत म्हणून बाबांनी माझा रेनकोट चढवला, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, आई हसून हसून खाली बसली.

खिळा बसला, झाड अजून उभं आहे. बाबा रोज चहाचा कप घेऊन वाकून बघतात, काय गो, धरलो? नाही म्हणायचं असतं, पण माझ्या तोंडातून येतं, अजून नाही. का, ते विचारू नका, मलाच कळत नाही. जगो बापडं.