खानदानी कोंडा

जनावरांच्या दवाखान्यात बाकावर एक दादा आणि एक मावशी बसले होते. दोघांच्या पायाशी एकेक सोनेरी, केसाळ कुत्रं.

"याच्या अंगावर केवढा कोंडा, दादा!"

"शाम्पू बदलायचाय. उद्या जोडी लावायचीय ना त्याची. खानदानी आहे हो!"

"कोंडाही खानदानीच आहे. आई-बापाकडून आलेला. शाम्पूनं जात नाही, पिल्लांत मात्र जातो."

"विकणारा हरामखोर काहीच बोलला नाही!"

"तो कशाला बोलेल? त्याला विकायचं होतं."

"उद्याचं रद्दच करतो. देवासारख्या भेटलात, मावशी. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. हिला पाच पिल्लं झाली, तेव्हा कळलं. तसली कोण घेणार?"

"मग?"

"पाचही माझ्या पलंगावर झोपतात. मी खाली."