भिंतीवरचे आजोबा

नाताळच्या केकचं मिश्रण भाजायला द्यायला आम्ही रिपन स्ट्रीटच्या बेकरीपुढे रांगेत होतो. माझ्यापुढे आमच्या अँग्लो-इंडियन गल्लीतली म्युरिअल आणि पर्थहून आलेला तिचा धाकटा भाऊ डेस्मंड.

"आपल्या जुन्या घराचं हॉटेल छान झालंय," डेस्मंड म्हणाला. "जाऊन बघ एकदा."

"रविवारी गेले होते. दरवानानं भिंतीवरचे आजोबा दाखवले. खाली लिहिलंय, इंग्रज कर्नल."

"गिऱ्हाइकांना तेच आवडतं."

"आसनसोलला कोळशाचं इंजिन चालवायचे ते. आणि आजी कुठे गेली? त्याच फोटोत शेजारी उभी होती."

"जागा पुरली नसेल त्यांना."

"हॉटेलवाले म्हणाले, तुझ्याकडून फोटो आला तोच अर्धा होता."

"माझ्या नातवंडांना काय सांगू? खापरपणजी संथाळ आदिवासी होती म्हणून?"

"तिनं तुला पाठीला बांधून वाढवलं, डेस्मंड."

"तू मोठी शहाणी. शाळेत मैत्रिणींना सांगायचीस, ही आमची आया."

"सांगायचे. ती ऐकायची आणि माझं दप्तर उचलायची."

"मग मलाच का बोलतेस?"

"तिचा हात तेवढा राहिलाय फोटोत. आजोबांच्या खांद्यावर."

"कोणाच्या लक्षात येतंय ते?"

"मी दरवानाला विचारलं, हा हात कोणाचा. तो म्हणाला, असेल कोणी नोकरमाणूस."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, असेल."