भट्टीवरची जागा

— नाही नाही, खिशातल्या बिड्या आधी इथं टेबलावर ठेव, अमरसिंग. काडेपेटी पण. या शेडमध्ये एवढा एकच नियम. तुझ्या भावाने, डोंगरसिंगने, तो पाळला असता तर त्याच्या जागेवर काम मागायला तुला यावलहून यायची वेळच आली नसती. वाईट वाटतं रे — महिना नाही झाला अजून. तुझी वहिनी, सोनीअक्का, जेवते का काही? जेवेल हळूहळू.

ये, काम बघ. हा ॲल्युमिनियमचा तवा, याला नॉनस्टिक करायचं — यावर हे दुधासारखं औषध फवारायचं, वाळवायचं, मग भट्टीत भाजायचं. थर बसतो कांद्याच्या पापुद्र्याएवढा. आता पाणी टाक. टाक ना! थांबला का थेंब? पळाला. पाणी, तेल, पीठ — बठ्ठं निसटतं. डोंगरसिंगला पहिल्या दिवशी काय मजा वाटली होती! लोटाभर पाणी ओतत बसला, एकटाच हसत. मी रागावलो त्याला. उगीच रागावलो.

तो गेला कशाने म्हणतोस? सांगितलं ना, बिडीने. याची भुकटी बोटांना लागते, त्याच बोटांनी बिडी धरली की भुकटी जळते, धूर छातीत जातो — मग थंडी वाजून ताप. दुपारीच कापायला लागला. म्हटलं, घरी जा, झोप, उतरेल. एसटीत मीच बसवून दिला, खिडकीजवळ. मला काय माहीत, तिसऱ्या दिवशी — जाऊ दे. बिडीनेच गेला. शेठ तसंच म्हणाले, विचारायला आले त्यांनाही आम्ही तसंच सांगितलं. ओढताना पाहिला का? आता — पाहिला असा नाही. भट्टीसमोरून हलायला सवड कुठे होती त्याला? धुळ्याची ऑर्डर अडली होती, शेठ म्हणाले, जीवराम, आच वाढव, माल लवकर निघेल. वाढवली. काटा लाल रेघेच्या पुढे गेला, थोडाच. वरचा, धूर बाहेर ओढायचा पंखा? तो बंदच असतो. चालू केला की धूळ उडते, ओल्या थरावर बसते, मग त्या जागी पाणी अडकतं अन् गिऱ्हाईक माल परत पाठवतं.

तो खिळा ना? तिथं पिंजरा होता. शेठाणी शिरपूरला लग्नाला गेल्या तेव्हा त्यांचा पोपट माझ्याकडे ठेवून गेल्या. मोठा बोलका. डोंगरसिंग आपल्या भाकरीवरची मिरची त्याला द्यायचा, दोघांचं जमलं होतं. त्याच दुपारी तो पिंजऱ्यात उलटा पडला — डोंगरसिंग कापायला लागायच्या आधीच. शेठाणी रडल्या, दोन दिवस जेवल्या नाहीत. आता नवा आणलाय, पण घरीच असतो. शेठ इकडे आणू देत नाहीत. अन् पोपट काही बिडी —

…

असा काय बघतोस? काम पाहिजे ना तुला? मग हो आत. आज परत धुळ्याचाच माल शे, संध्याकाळी ट्रक येईल. मी? मी बाहेर बसतो, मला आतलं सोसत नाही. दार ओढून घेतो, वारा येतो. अन् थांब — या तुझ्या बिड्या. घे. राहू दे खिशात.