दहावं माणूस

आमचे वाडवडील कोकणातले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, वडील रेल्वेच्या नोकरीत सोलापूरला आले आणि मी मात्र यंत्रमागांचे जुने सुटे भाग घेऊन, विकून स्वतःच्या पायावर उभा राहिलो, घासाघीस करण्यात मला कुणी हरवलं नाही. आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, गावात थोडीच घरं, सिनेगॉग नाही, प्रार्थना माझ्याच माडीवर, आणि हिब्रू मला वाचता यायचं म्हणून हजान, म्हणजे प्रार्थना सांगणारा, मीच.

काय सांगू तुम्हाला, मुलगा तापानं फणफणला तेव्हा नवसाचा मलिदा मी आधीच वाढला, पोहे, खोबरं, साखर, सगळं चोख. पोरगा गेला. मी शब्द पाळला, देवानं पाळला नाही. असल्याशी व्यवहार कशाला? माडीवर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, सण करू, गाणी म्हणू, मलिदा खाऊ, पण देवाचं नाव नाही, आणि दहा पुरुष जमले तरच प्रार्थना ही अटही नाही, बायकाही मोजायच्या. लई ओरड झाली. चुलतभाऊ शालोम म्हणाला, हारून, बाजार मांडलास तू. त्याला मी गचांडी धरून जिन्यापर्यंत नेला. तरी काही वर्षं चाललं की. माझी मुलगी रिबका मोठ्यानं डोकी मोजायची, पहिलं स्वतःचं.

दुष्काळाच्या साली बायको, साराबाई, अंथरुणाला खिळली. म्हणाली, तुमचं मत तुमच्यापाशी, माझ्यासाठी कद्दिश म्हणा, जुन्या रीतीनं, दहा पुरुषांत. मी शब्द दिला. पण मेल्या माणसासाठी ही प्रार्थना म्हणायला दहा आणू कुठून, निम्मी घरं इस्राएलला गेलेली. ती गेल्यावर दारोदार फिरलो, शिव्या देणाऱ्यांचेही हात धरले. कब्रस्तानात मला धरून नऊ. शालोम आला, पण फाटकाबाहेरच उभा. आत ये बाबा म्हटलं. तर म्हणतो, बायका मोजतोस ना, मोज की आता.

बायकांनी तिथं यायची रीत नाही, तरी रिबका आली होती. पुढं झाली आणि म्हणाली, पपा, मी दहावी.

मी खेकसलो, गप बस, तू कुठली यात.

कद्दिश झालाच नाही. तशीच माती लोटली.

शालोमला मी माफ करणार नाही. पण रिबकानंही त्यानंतर माडीवर पाय ठेवला नाही, पुढच्या साली तीही इस्राएलला गेली, पत्र नाही. अजून शुक्रवारी संध्याकाळी, प्रार्थनेच्या वेळेला, माडीवर दिवा लावतो, सतरंजी घालतो आणि मोजतो. एक. पोरगी सुखात असू दे, एवढं म्हणतो. कुणाला म्हणतो, ते विचारू नका.