पाहून आयकणं

(पवनीजवळ, तलावाच्या पाळीखालचं आसारामचं अंगण. सकाळ. आसाराम जाळं सांधतो आहे, समोर खाटेवर तृप्ती बसली आहे. जरा लांब, दोघांकडे पाठ करून त्याची बायको बायाबाई मासे साफ करते आहे.)

आसाराम : नाही म्हणजे नाही, मॅडम. आमच्या बायाबाईले सगळं आयकू येते. तुमाले कोणं सांगतलं?

तृप्ती : कोणी नाही सांगितलं, काका. आणि मॅडम नका म्हणू. मी डाकवाल्या भैय्यालाल मेश्रामांची तृप्ती. पवनीचीच आहे.

आसाराम : अव माय! भैय्यालालची पोरगी? लहानपणी बापाच्या सायकलवर बसून डाक वाटाले ये, ते तू? नागपूरले मोठ्या कॉलेजात मास्तरीन झाली म्हणते ना लोक.

तृप्ती : तीच मी. बोलणं माणसाला कसं ऐकू येतं आणि कसं दिसतं, याचा अभ्यास करते.

आसाराम : बोलणं दिसते कुठी?

तृप्ती : मावशींना दिसतं. मंगळवारी बाजारात मी त्यांच्याकडे मासे घ्यायला गेले. स्कूटीवरून उतरले तशीच, तोंडाला दुपट्टा बांधलेला. विचारलं, मरळ आहे का? त्या म्हणाल्या, पहिले तोंड सोड बाई.

आसाराम : मंग? तुम्ही पोरी उन्हात डाकूवानी तोंड बांधून फिरता. कोण हाय ते पाहाव लागते ना.

तृप्ती : दुपट्टा सोडल्यावर लगेच उत्तर दिलं. मग मी वाकून पिशवी उघडता उघडता दुसरं काही विचारलं, त्याचं उत्तर नाही. आत्ता आल्यापासून मी त्यांना दोनदा हाक मारली. वळल्या नाहीत.

आसाराम : हळू बोल, पोरी.

तृप्ती : हळू कशाला? त्यांना तर ऐकू येत नाही.

आसाराम : शेजारच्या घरातल्या टीनाले येते ना!

तृप्ती : मी कोणाला सांगणार नाही, काका. तुम्ही हो म्हणाल तेवढंच सांगेन.

आसाराम : अकरा साल झाले. मोठा ताप आलता. दवाखान्यात पंधरा दिवस सुया टोचल्या. जीव वाचला, कान गेले. आम्ही घरी आलो न दोघाइनं ठरवलं, सांगाचं नाही कोणाले.

तृप्ती : का पण?

आसाराम : आमच्या मोहल्ल्यात एक बुढी होती, कानानं गेलेली. सारे तिले भैरी म्हणत. पोट्टे बी भैरी, मोठे बी भैरी. तिचं नाव बेबीबाई होतं, हे मले ती मेल्यावर कागदावर दिसलं. समजलं का? कान गेले त गेले. बायाबाईचं नाव जाऊ द्याचं नव्हतं मले.

तृप्ती : आणि अकरा वर्षं कोणालाच कळलं नाही?

आसाराम : ते हुशार हाय. आन आम्ही दोघंही जवानीत राईस मिलात होतो. मशीन चालू झाली का तिथी कोणालेच काही आयकू ये नाही. सारे एकमेकाच्या तोंडाकडे पाहून बोलत. बाया त या कोपऱ्यातून त्या कोपऱ्याले अख्ख्या गावाची पंचाईत करत. ताप उतरल्यावर मी रडाले लागलो, त हेच मले म्हणाली, मिल चालू हाय असं समजाचं.

तृप्ती : मिल चालू आहे असं समजायचं.

आसाराम : हो. मंग मीच मिशा काढल्या.

तृप्ती : मिशा?

आसाराम : माह्या मिशा ओठावर उतरत. तिले अर्धंच बोलणं दिसे. म्हून एक दिवस न्हाव्याकडे गेलो न साफ करून आलो. तवा बाप जिवंत होता.

तृप्ती : अरे देवा. वडील असताना मिशी?

आसाराम : बाप म्हणाला, मी मेलो काय रे? सहा महिने माह्या हातचं पाणी नाही घेतलं. लोक म्हणे आसारामचं डोस्कं फिरलं. मी म्हणो, उन्हाळ्यात खाज सुटते. खरं सांगतलं असतं त हिचं बाहेर पडलं असतं. तंबाखूचा खर्रा बी तवाच सोडला. गालात खर्रा असला का माहं बोलणं तिले कायचंच दिसे नाही. खर्रा सोडणं मिशीपेक्षा कठीण गेलं, खरं सांगतो.

बायाबाई : काय सांगून राहिले माह्याबद्दल?

आसाराम : अव, तू कवा वळली?

बायाबाई : आताच. तुमची मान खाली गेली का मले समजते, माहंच चालू हाय. आन हे पोरगी कोण? मरळवाली!

तृप्ती : हो मावशी. मी तृप्ती. नीट दिसतंय का माझं बोलणं?

बायाबाई : दिसते. आवाज चढवू नको, शिरा ताणल्या का तोंड बिघडते. म्हंजे याइनं सांगून टाकलं तुले?

आसाराम : मी नाही, तिलेच समजलं होतं.

तृप्ती : मावशी, मी तुमचं गुपित फोडायला नाही आले. कामासाठी आले. आम्ही एक मंडळ बांधतोय. नागपूरचे कानाचे डॉक्टर आहेत, मशीन बनवणारे इंजिनियर आहेत, दोन गुरुजी आहेत. आम्ही बारा जण. बोलणाऱ्याचं तोंड पाहून आणि आवाज ऐकून मोबाइलने त्याचं बोलणं लिहून दाखवायचं, असं काम आहे. आपल्या इकडच्या झाडीबोलीत. म्हणजे कान गेलेल्या माणसाला आपल्याच लोकांशी बोलता येईल.

बायाबाई : लिहलेलं मले वाचता येत नाही. दुसऱ्याइच्या कामी येईन. दाखव, काय केलं आतापर्यंत?

तृप्ती : हे बघा, मोबाइलवर व्हिडिओ आहेत. आवाज बंद आहे. हे गुरुजी काय म्हणतात सांगा.

बायाबाई : काही नाही समजत.

तृप्ती : ह्या बाई?

बायाबाई : हे बी नाही. हे असं काहून तोंड फाडून राहिली? डोळे त कागदावर हायत. दुसरं काही हाय का?

तृप्ती : मावशी, चाळीस जण आहेत असे. थांबा, एक वेगळा आहे. चाचणी म्हणून टपरीवर काढला होता.

बायाबाई : हा केवळराम! हा म्हणते, दूध नाही आलं, काळा चाय पेशील काय?

तृप्ती : अगदी हेच म्हणाला होता तो.

आसाराम : मी म्हटलं होतं ना, हुशार हाय.

तृप्ती : कशी फजिती झाली बघा, काका. दोन महिने घातलेत आम्ही त्या चाळीस जणांवर. बंद खोलीत बसवलं, पंखासुद्धा बंद. मीच सांगितलं सगळ्यांना, शुद्ध बोला, सावकाश बोला, तोंड मोकळं उघडा. मला वाटलं, स्वच्छ असलं की सोपं जाईल.

बायाबाई : असं कोण बोलते, पोरी? तुह्या घरी तुही माय अशी बोलते का?

तृप्ती : नाही.

बायाबाई : आन मी ओठच नाही पाहत. गळा पाहतो, गाल पाहतो, भुवई पाहतो. त्याच्या बी पहिले पाहतो, कोण आलं न कायले आलं. बाजारातला माणूस चारच गोष्टी विचारते. ताजं हाय का, कापून देशील का, भाव काय, कमी कर. घरी आलेला दुसरं विचारते. तुह्या मोबाइलातला मास्तर कोणाले काही विचारतच नाही. भिंतीसंगं बोलून राहिला.

तृप्ती : हे आमच्या बारा जणांत कोणाला सुचलं नाही.

बायाबाई : बाराही जणाइले आयकू येते ना?

तृप्ती : येतं.

बायाबाई : मंग?

तृप्ती : म्हणूनच आले, मावशी. रविवारी पवनीला विहाराच्या हॉलमध्ये मंडळाची पहिली मोठी बैठक आहे. नागपूरचे सगळे येतायत. तुम्ही या. चित्रण कसं करायचं, कोणाचं करायचं, तुम्ही सांगा. आत्ता मला सांगितलंत तसंच.

आसाराम : नाही जमत. रविवारी लग्न हाय एकोडीले.

बायाबाई : कोणाचं?

आसाराम : हाय कोणाचं तरी.

बायाबाई : पोरीनं तुमाले विचारलं का मले? पोरी, मिलातल्या बाया पाह्यजेत तुले. पार्वताबाई हाय, धनीरामची बायको हाय, अजून चार-पाच निघतीन. त्याइले आयकू बी येते न पाहून बी समजते. दोन्ही. नुसत्या कानानं काय समजते न नुसत्या डोळ्यानं काय, त्या सांगतीन तुह्या डॉक्टराइले.

तृप्ती : तुम्ही बोलावलंत तर येतील त्या. पण मग त्यांनाही कळेल तुमचं.

बायाबाई : कळनच.

आसाराम : अकरा साल लपवलं, न एका रविवारात घालवतेस? मंगळवारी बाजारात उभी राहून पाहाय मंग. भैरीचे मासे, भैरीची टोपली!

बायाबाई : मले बी भेव लागते. तुमालेच लागते असं नका समजू. पोरी, तुह्या मंडळाच्या कागदावर माहं काय लिहशील?

तृप्ती : बायाबाई आसाराम मारबते, अभ्यासक.

बायाबाई : भैरी नाही लिहत?

तृप्ती : ताप आला आणि कान गेले, हे खाली लिहावं लागेल. कामाचं आहे ते. पण नावाच्या जागी नाव.

बायाबाई : माहे हात माशाचे हायत. हापशीवर धुऊन येतो. तवर विचार करतो. तुम्ही दोघं भांडू नका.

तृप्ती : काका, रागावलात?

आसाराम : राग नाही, बाई. मले एक सांग. भैरी म्हणतीन हे भेव तिचं हाय. ते होतं माहं बी, पहिले. आता माहं दुसरंच हाय.

तृप्ती : कोणतं?

आसाराम : अकरा साल तिच्यासंगं मनभर बोलणारा मी एकटाच. बाजारातले चार सवाल सोडले त तिचं सारं जग माह्या तोंडावर हाय. पोराचा फोन आला का मी सांगतो. टीनाच्या घरी भांडण झालं, मी सांगतो. पोस्टाची गोष्ट, तलावाची गोष्ट, सारं माह्या तोंडून जाते. आता मिलातल्या बाया येतीन, तुह्ये डॉक्टर येतीन, मोबाइल येईन. मंग माह्या तोंडाकडे कोण पाहीन? लहान मन हाय माहं, माहीत हाय मले. पर असंच वाटते.

तृप्ती : हे त्यांना सांगितलंत कधी?

आसाराम : कसं सांगू? तिच्याकडे तोंड करून सांगाव लागते, न ते माहं तोंड वाचते.

तृप्ती : मान वर करा, काका. त्या समोर उभ्या आहेत.

बायाबाई : काय म्हणाले?

आसाराम : काही नाही. येतानी घागर भरून आणाची होती म्हटलं.

बायाबाई : घागरीसाठी डोळे ओले नाही होत. सांगा नीट. तोंड इकडे करून.

आसाराम : जाय तू रविवारी. मी नाही अडवत. पर तिथी गेल्यावर तुले लय तोंडं भेटतीन पाहाले. मी काय बोललो, ते पाहाची तुले गरज नाही राहत. बस, एवढंच.

बायाबाई : पोरी.

तृप्ती : हो, मावशी.

बायाबाई : रविवारी येतो मी, याइले घेऊन. मिलातल्या बायाइले मीच सांगतो, दुसऱ्याच्या तोंडून नको. आन तुमच्या त्या मोबाइलात पहिलं बोलणं याइचं भरजो. मशीनले शिकाचंच हाय, त चांगल्या माणसापासून शिकू दे.